मागचं मोजायचं नाही

१

एप्रिल ते सप्टेंबर, सव्वीस आठवडे, आठवड्यातून एकदा, ऊन असताना, रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेवाटेवरून दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जायचं आणि दिसतील ती फुलपाखरं मोजायची. काम एवढंच. पगार शून्य. पण क्वेल्बी गावातली निवृत्त मंडळी या कामाबद्दल अशा आवाजात बोलत, की चर्च बंद पडलं तरी चालेल, हे बंद पडता कामा नये. चर्च खरोखरच बंद पडलं होतं. मोजणी चालू होती. चव्वेचाळीस वर्षं, एकही आठवडा न चुकता.

ब्रायनी टॅपर एकवीस वर्षांची. दुसऱ्या वर्षात विद्यापीठ सोडून ती घरी आली, त्याला पाच महिने झाले होते. का सोडलं, हे गावात सगळ्यांनी विचारलं आणि कोणीही ऐकून घेतलं नाही, कारण प्रत्येकाकडे स्वतःचं उत्तर तयार होतं. आजकालच्या पोरांत दम नाही. फोनमुळे. आईनं लाडावलं. "मी लाडावलं?" आई म्हणायची. "मला वेळ तरी कुठं होता?" आणि मग तीही सुरू व्हायची.

ज्यांनी विचारलं नाही असे एकटेच, क्लेमंट हॅडो. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेत त्यांनी तिला भूगोल शिकवला होता. मैदानात काठी रोवायची, तिची सावली मोजायची आणि त्यावरून सूर्य किती वर आलाय ते काढायचं. ब्रायनीचं उत्तर वर्गात पहिलं यायचं, आणि हॅडो सर वहीवर लाल शेरा मारायचे: उत्तर बरोबर, पण 4 हा आकडा वरून उघडा सोडू नये.

मार्चमध्ये ते दारात आले. एका हातात काळी छत्री, उघडलेली. पाऊस नव्हता; उन्हानं कातडीला चट्टे उठतात म्हणून ती ते बारा महिने वापरत. दुसऱ्या हातात काठी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी गुडघ्यानं दगा दिला तेव्हापासूनची.

"आल्बन कॅनडाला गेला, लेकाकडे," ते म्हणाले. "वाट रिकामी पडलीय. चालशील?"

"मला कशाला विचारता, सर? मी अर्धवट सोडणारी आहे. गावात कुणालाही विचारा, सांगतील."

"मी गावाला विचारत नाहीये. तुला विचारतोय."

त्यांनी तिथंच, दाराच्या सावलीत उभं राहून सौदा सांगितला. सव्वीस तक्ते पूर्ण भरून दे, एकही कोरा नको. मग मी शहरातल्या कीटकसंस्थेला पत्र लिहितो. तिथं कामाला माणसं लागतात, आणि तिथं डिग्री विचारत नाहीत, माझं नाव विचारतात.

पाच महिन्यांत तिच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं. त्यांनी पुढं केलेल्या नोंदणीच्या कागदावर तिनं सही केली. नंतर तिला राग आला तो याच गोष्टीचा, की आपण इतक्या स्वस्तात गेलो.

"समोर एक चौकट आहे असं धर," त्यांनी शिकवलं. "डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच, पुढं पाच, वर पाच. त्यात येईल ते मोजायचं. बाहेरचं कितीही देखणं असलं तरी नाही."

"आणि मागचं?"

"मागचं मोजायचं नाही. मागं वळून बघायचंसुद्धा नाही. एकच फुलपाखरू दोनदा मोजलं जातं त्यानं. हेच एक सगळे चुकतात."

२

वाटेचे आठ टप्पे. पहिला चॅपेलमागच्या फाटकापासून. चौथा खोल खिंडीतून, पाचवा विटांच्या पुलाखालून, सहावा उघड्या भरावावर, आठवा थेट फलाटापर्यंत. फलाट होता, स्टेशन नव्हतं. पायाखाली अजून रेल्वेची खडी होती, गवत वाढलेली, तरी पाऊल टाकलं की करकरणारी.

तिला ते आवडलं. आवडेल असं वाटलं नव्हतं. एप्रिलमध्ये पिवळी धमक फुलपाखरं खिंडीतून हेलकावत यायची. मग पंखांवर मोराचे डोळे असलेली, काटेरी झाडांवर पंख पसरून बसलेली. ती पेन्सिलनं रेघा ओढायची, टप्प्याच्या शेवटी बेरीज. दीड तास डोकं गप्प राहायचं. विद्यापीठात हे कुणी शिकवलं असतं तर, असं तिला एकदा वाटलं, आणि मग तिनं तो विचार झटकला, कारण तिथं शिकवणारे लोक पडद्याकडे बघून बोलायचे.

मंगळवारी तक्ता गावच्या हॉलमध्ये नेऊन द्यायचा. तिथं चहाच्या किटलीवर विनिफ्रेड बसलेली असे.

"आली बघा आमची शास्त्रज्ञ! डिग्री नाही, पण बूट बघा केवढे."

"तुमच्याकडे आहे का हो डिग्री, विनी?"

"माझ्याकडे केक आहे. डिग्रीला कोण विचारतंय?"

भिंतीवर जुन्या चालणाऱ्यांचा फोटो होता. वाट तीनच माणसांनी चालवली होती. पहिली सोळा वर्षं सरांनी, मग हेस्टर लम्बनं, मग आल्बन कॉइलनं. हेस्टरच्या डोक्यावर गवताची रुंद टोपी होती, एका बाजूनं कड लोंबलेली.

"हेस्टर कुठं असते आता?"

"स्पेनला, बहिणीकडे. एवढ्या उन्हाच्या देशात गेली, आणि म्हणे दिवसभर घरात बसते, पडदे लावून." विनीनं केकचा तुकडा पुढं सरकवला. "म्हातारपण गं. तुला नाही कळायचं."

पाचवा टप्पा नेमका कुठं संपतो हे नकाशावर नीट दिसत नव्हतं. तिनं यादीतला नंबर काढून आल्बनला कॅनडात फोन लावला. त्यानं पटकन सांगितलं, पुलाच्या दुसऱ्या कमानीशी. मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"वाट छान आहे, पोरी," तो म्हणाला. "पुढं बघत चाल." आणि फोन ठेवून दिला.

३

मेचा दुसरा आठवडा, दुपारचा एक. पुलाखालच्या गारव्यातून ती सहाव्या टप्प्यावर आली. ऊन पाठीवर, सावली पुढं. वाट उत्तरेकडे जात असल्यामुळे भरदुपारी तिची सावली नेहमी चौकटीत पडायची, तिच्याआधी चालायची. तिच्याकडे लक्ष द्यायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी सावलीच्या गुडघ्यापाशी, उजव्या अंगाला, एक गोल फुगवटा होता.

पिशवी, असं तिला वाटलं. पिशवी डाव्या खांद्यावर होती. मग झुडूप. पण झुडूप चालत नाही. ती थांबली. फुगवटा थांबला. लगेच नाही, एक पाऊल पुढं येऊन थांबला.

मागं बघायचं नाही. नियम आहे म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि मान ताठ ठेवली. सातव्या टप्प्यात वाट पूर्वेला वळते, तिथं सावली बाजूला पडली, आणि ती एकटीच होती. ती हसली. महिनोन् महिने घरात बसलं की असं होतं.

पण तक्त्याशी खरं वागायचं असं तिनं ठरवलं होतं. दिसलं ते लिहायचं. सगळ्यात खाली 'इतर' अशी एक ओळ होती, ससे, सरडे वगैरेंसाठी. त्या ओळीत, सहाव्या टप्प्याच्या चौकोनात, तिनं लिहिलं: १.

४

"हे काय?" सरांनी विचारलं. हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल, खिडकीपासून लांबचं.

"माहीत नाही. सावली होती. चौकटीत होती."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ब्रायनी, सावली ही जात नाही. तिला पंख नसतात."

"तुम्हीच म्हणालात, चौकटीत आलं ते मोज."

"म्हणालो. पण संस्थेत हा तक्ता कोण बघणार आहे, याचा विचार कर. एक मुलगी, शिक्षण सोडलेली, एकटी हिंडणारी, सावल्या मोजणारी. काय म्हणतील?" ते फार मायेनं बोलत होते. "तुझं पुढं काही व्हावं असं मला वाटतं. माझ्याशिवाय कुणाला वाटतं असं तुला वाटतंय का?"

नव्हतं वाटत. हेच तर होतं.

त्यांनी खिशातून खोडरबर काढलं, एक खोडला, फुंकर मारली आणि तिथं शून्य लिहिलं. "शून्य ही पण नोंदच असते," ते म्हणाले.

वहीवरच्या लाल शेऱ्यासारखंच तिला ते वाटलं. सुधारणा. घरी जाताना तिला हलकंसुद्धा वाटलं.

५

जूनमध्ये तिनं मोजमाप काढलं. भुताखेतांवर विश्वास बसण्यापेक्षा त्रिकोणावर बसलेला बरा.

सहाव्या टप्प्यावर, सरांनी शिकवल्याप्रमाणे, मीटरभर लांबीची काठी रोवली. सावली अठ्ठावन्न सेंटिमीटर. म्हणजे सूर्य साठ अंशांवर, वर्षातला सगळ्यात उंच. म्हणजे तिची स्वतःची सावली जेमतेम मीटरभर. मेमध्ये सावल्या लांब होत्या, तेव्हा ते फुगवट्यासारखं डोकं तिच्या सावलीच्या गुडघ्यापाशी होतं. हिशेब केला तर मागचं माणूस हाताच्या अंतरावर असायला हवं होतं. आता सावल्या आखडल्या. आता ते दिसायलाच नको, किंवा अगदी टाचेपाशी दिसायला हवं.

ती काठी उपटून पिशवीत टाकून चालू लागली. खडी करकरत होती. लांब कुठेतरी ट्रॅक्टर.

डोकं तिच्या सावलीच्या खांद्याशी होतं.

तिनं चालता चालता हिशेब केला, परत केला. एक वीत. एक वीत मागं. तिच्या मानेवर वारासुद्धा लागत नव्हता. आणि डावीकडून आणखी एक सावली हळूहळू पुढं सरकत होती. तिचं डोकं गोल नव्हतं. ते पसरट होतं, रुंद, आणि एका बाजूनं त्याची कड लोंबत होती.

तिनं पेन्सिल धरलेला हात वर केला. तिच्या सावलीनं केला. मग बाकीच्या दोघांनीही केला, जरा उशिरा, लिहिणाऱ्या माणसासारखा. त्यांच्या छातीशी चौकोनी काहीतरी धरलेलं होतं.

त्या दिवशी तिनं पुढच्या दोन टप्प्यांची बेरीज चुकवली. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्याची.

६

मग सोडून का नाही दिलं? हा प्रश्न म्हाताऱ्यांच्या तोंडी शोभतो. सोडलं असतं तर आई म्हणाली असती, बघा, हेही सोडलं. विनीनं किटलीवरून म्हटलं असतं, बूट तरी परत द्या. आणि पत्रही हातचं गेलं असतं. सव्वीसातले चौदा तक्ते झाले होते. ज्यानं कधी काही अर्धवट सोडलेलं नाही, त्याला माहीत नसतं की दुसऱ्यांदा सोडायला पहिल्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

ती चालत राहिली. पुढं बघत. आता तिला आवाजही कळायला लागला होता. तिच्या पावलाची करकर, आणि ती विरता विरता आणखी एक. ती थांबली की एक पाऊल जास्त. जुलैत खिंडीतल्या गवतावर तपकिरी फुलपाखरांचे थवे होते. तिच्या पायांनी ती उडायची, बाजूला जाऊन परत टेकायची. आणि ती पुढं गेल्यावर, पाठीमागं, त्यांच्या पंखांची फडफड परत ऐकू यायची. एकदा, दोनदा. जुलैच्या शेवटी तिसऱ्यांदा.

त्या आठवड्यात सहाव्या टप्प्याच्या चौकोनात तिनं पेननं तीन लिहिले.

"शाई वापरायची नाही," सर म्हणाले. "तक्ता खराब होतो." त्यांनी तिला नवा तक्ता दिला आणि सगळं परत उतरवून काढायला लावलं. समोर बसून. तीनचा आकडा सोडून.

"सर, तुम्हाला कधी दिसलं होतं?"

"मला फुलपाखरं दिसायची," ते म्हणाले. "तेव्हा होती भरपूर."

७

सप्टेंबरच्या मध्यावर पावसानं चार दिवस घेतले. सरांनी तिला हॉलमधल्या कपाटाची किल्ली दिली. जुने तक्ते स्कॅन करून संगणकावर चढवायचे होते. तरुण आहे म्हणजे हे येतच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. बारा खोकी. प्रत्येक तक्ता काचेवर ठेवायचा, बटण दाबायचं, उचलायचा.

हेस्टरचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. तिसऱ्या खोक्यात एक तक्ता काचेवर ठेवताना दिव्याचा उजेड त्यातून आरपार आला, आणि खालच्या ओळीतल्या शून्याखाली एक रेघ दिसली. खोडलेली, पण कागदात रुतलेली.

तिनं तो खिडकीशी धरला. सहावा टप्पा. इतर. शून्याखाली एक.

पुढचा आठवडा. एक. त्याच्या पुढचा. हेस्टरनं आधी पेन्सिल हलकी धरली होती, मग जोरात, मग इतक्या जोरात की कागद फाटला होता आणि तिथं मागून चिकटपट्टी लावलेली होती. शून्यं मात्र सगळीकडे एकाच हातची होती. गोल, नीट बंद केलेली. शाळेच्या वह्यांत तिनं ती शेकड्यांनी पाहिली होती.

मग आल्बनची खोकी. शून्याखाली दोन. दोन. दोन. एका तक्त्याच्या मागच्या बाजूला आल्बननं लिहिलं होतं आणि तेही कुणीतरी खोडलं होतं. तिनं कागद तिरका धरून वाचलं: क्लेम, एकानं टोपी घातलीय. तुला माहीत होतं का?

बाहेर विनी कपबशा विसळत होती. "काय गं, उंदीर बघितलास का?"

"विनी, तुम्ही कधी गेलात त्या वाटेवर?"

"मी? छे. क्लेमंट म्हणतो, एका वेळी एकच माणूस हवं." तिनं फडक्याला हात पुसले आणि ब्रायनीच्या हातातल्या कागदांकडे न बघता दिवा बंद केला. "आणि आम्ही विचारलं नाही. त्याचं ते काम आहे ना."

८

क्लेमंट हॅडोच्या स्वयंपाकघरात पडदे ओढलेले होते. दुपारचे तीन. टेबलावर टोस्ट, मुरंबा, चहाची किटली लोकरी टोपीत.

ब्रायनीनं तक्ते बशीवर टाकले.

त्यांनी टोस्ट बाजूला सारला. मग म्हणाले, "थांब, तुला दाखवतो," आणि उठले, खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि कपाटाच्या माथ्यावरून एक पेटी काढून खाली उडी मारली. एका झेपेत. काठी दारामागे टांगलेली होती.

तिनं त्या गुडघ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं सगळ्या गावानं त्या गुडघ्यासाठी दारं उघडून धरली होती.

"तुमचा गुडघा," ती म्हणाली.

"हां," क्लेमंट म्हणाला, जसं काही चहात साखर विसरली होती. त्यानं पेटीतून आलेखाचा कागद काढून पसरला. चव्वेचाळीस वर्षांच्या रेघा, रंगीत पेन्सिलींच्या. पिवळी फुलपाखरं खाली. मोराचे डोळे खाली. निळी तर पंधरा वर्षांपूर्वीच तळाला टेकलेली. आणि सगळ्यात खालून एक काळी रेघ, पायरी पायरीनं वर चढलेली. शून्य. एक. दोन. तीन.

"त्या वाटेवर वाढलेली एवढी एकच गोष्ट आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती. तिला त्याचीच शिसारी आली. "मी नोंद खोडली. पण हरवू दिली नाही."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

"हेस्टरनं विचारलं होतं?"

"सगळे विचारतात. पुढं बघत चाला म्हणालो. बघितलं की काही होत नाही."

"मग तुम्ही का थांबलात? माझ्या आधी आल्बन, त्याच्या आधी हेस्टर, हेस्टरच्या आधी तुम्ही. तुमच्या मागं तर कुणी नव्हतं!"

क्लेमंटनं पडद्याच्या कडेला पाहिलं. तिथून उन्हाची एक पट्टी फरशीवर आली होती. त्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "शेवटच्या वर्षी एक दिवस मला वाटलं, आपण पुरे चाललो," तो म्हणाला. "मी फलाटावरून घरी आलो. पण माझ्यातलं सगळं आलं नाही." मग एकदम चिडून, शाळेतल्या आवाजात, "पुढं कुणीतरी लागतं, ब्रायनी. पुढं कुणी नसलं की ते वाट सोडून घरं शोधत येतात. मी काय करायला हवं होतं? मी म्हातारा माणूस आहे."

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी नव्हतास," ती म्हणाली.

तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. त्याला ते दुखलं, हे तिनं पाहिलं, आणि दुखायला तेवढंच पुरेसं होतं याचा तिला आणखी राग आला.

"दोन आठवडे राहिलेत," तो म्हणाला. "पत्र लिहून ठेवलंय मी."

"घाल चुलीत. ते दोन आठवडे कोरे जातील. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पडू दे तुझ्या आलेखाला भोक."

९

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली. दीडशे मैल लांबच्या एका शहरात, मालाच्या गोदामात काम मिळालं. खोकी, ती वाहून नेणारे सरकते पट्टे, लेबलं. छत पत्र्याचं, खिडक्या नाहीत. सोबतीण डॅन्यूटा नावाची एक पोलिश बाई होती, ती दर जेवणाच्या सुट्टीत म्हणायची, "चल बाहेर, ऊन खाऊ," आणि ब्रायनी म्हणायची, "थंडी वाजते." तिचं तिलाच कळलं नव्हतं की महिनाभरात ती एकदाही उन्हात गेलेली नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिनं फोनवर मोजणीचं पान उघडलं. भोक बघायचं होतं. तेवढंच मिळणार होतं तिला या सगळ्यातून.

क्वेल्बी रेल्वेवाट. सव्वीस आठवडे, पूर्ण. चालणारी: ब्रा. टॅपर.

तिनं तिथूनच, पट्ट्याच्या आवाजात, फोन लावला.

"खोटं भरलंस ना? शेवटचे दोन माझ्या नावानं?"

"मी काही भरलं नाही," क्लेमंट म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. "मंगळवारी हॉलच्या पेटीत तक्ते आले. तुझ्याच अक्षरात. मला वाटलं, तू अजून गावातच आहेस, फक्त बोलत नाहीस."

"मी इथं आहे. तेव्हापासून इथंच आहे."

"हो," तो म्हणाला. "हेस्टरही स्पेनहून हेच म्हणाली होती."

पट्ट्यावरून खोकी जात राहिली.

"खालच्या ओळीत चार लिहिलेत," तो म्हणाला. "वरून उघडा सोडलेला आकडा. मी खोडला नाही या वेळी." आणि मग, जणू ही चांगली बातमी, "पत्र पाठवलंय. सव्वीस पूर्ण झाले ना. मी शब्दाचा पक्का आहे."

तिनं फोन ठेवला. पत्राला उत्तर आलं की नाही, हे तिनं कधी पाहिलं नाही.

मार्चमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, अनोळखी नंबरवरून फोन आला. ब्रायनी माल उतरवायच्या दाराशी उभी होती, छपराची सावली संपते तिथं, बुटाची टोकं सावलीत. पुढं काँक्रीटचं आवार, लख्ख ऊन. डॅन्यूटा आणि दोघी जणी तिथं खोक्यांवर बसून खात होत्या. त्यांच्या तीन सावल्या काँक्रीटवर पडल्या होत्या. तिनं मोजल्या. अलीकडे ती मोजायचीच.

"ब्रायनी ना?" एक उत्साही आवाज. "मी इमोजन. आम्ही नुकतेच क्वेल्बीला राहायला आलो. मिस्टर हॅडोंनी तुमचा नंबर दिला. किती गोड माणूस हो! या एप्रिलपासून मी ती वाट चालणार आहे. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, पाचवा टप्पा नेमका कुठं संपतो?"

ब्रायनीनं तोंड उघडलं. सगळं तयार होतं. कित्येक महिने तयार होतं, वाक्य न् वाक्य, शिव्यांसकट. नको चालूस. सही करू नकोस. तो म्हातारा...

तिच्या पाठीमागं, गोदामाच्या सपाट सिमेंटच्या जमिनीवर, खडी करकरली.

ती हलली नाही. पट्टा बंद होता. सगळे बाहेर होते. परत एक करकर, जवळ. मग आणखी, वेगवेगळ्या पायांच्या, आणि त्यांतली सगळ्यात पुढची चाल तिला फार ओळखीची वाटली. डाव्या पायावर जरा जास्त भार देणारी. डाव्या खांद्यावर पिशवी असली की पडते तशी.

"हॅलो?" इमोजन म्हणाली. "आहात का?"

"पुलाच्या दुसऱ्या कमानीशी," ब्रायनी म्हणाली.

करकर थांबली. एक पाऊल उशिरा.

"अच्छा, अच्छा! आणि बाकी कशी आहे वाट?"

समोरून डॅन्यूटानं हात हलवला, ये ना, म्हणून. ब्रायनीनं बुटाची टोकं आणखी आत घेतली. मान ताठ ठेवली. आपण थोडा वेळ नुसता श्वास घेतोय आणि पलीकडे तो ऐकू जातोय, हे तिला कळत होतं.

"वाट छान आहे," ती म्हणाली. "पुढं बघत चाला."